कानबाईच्या रविवारचा शो

श्रावणात आमच्याकडे थिएटर रिकामं राहतं. शेतात निंदणी चालू असते, घरात उपासतापास असतात आणि मोठे पिक्चर सणासुदीची वाट बघत थांबलेले असतात. मॉलमधल्या थिएटरवाल्यांचं त्यात काही बिघडत नाही. चारपैकी एक पडदा ते बंद ठेवतात. माझा पडदा एकच. म्हणून धुळ्याच्या प्राध्यापक बाई जळगावला आल्या आणि "तुमचा अख्खा श्रावण आम्हाला द्या, महिनाभर महोत्सव करू," असं म्हणाल्या, तेव्हा मी तोंड वाकडं केलं. मला पटलं नव्हतं असं नाही. आपल्याला पटलं हे समोरच्याला लगेच कळू द्यायचं नाही, एवढं मी सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे राबत असतानाच शिकलो होतो. तिथे घड उचलता उचलता मी भाव ठरवायला लागलो. पुढे जत्रांमधून तंबूतला सिनेमा चालवला, आणि या थिएटरचा जुना मालक कंटाळला तेव्हा ते घेतलं. वाडवडिलांचं यात काही नाही. हे मी लोकांना जरा जास्तच वेळा सांगतो, असं बायको म्हणते.

बाई मूळच्या पुण्याच्या. धुळ्याच्या कॉलेजात शिकवतात, तिथे एक सिनेमा मंडळ चालवतात. आमची दोन तास वादावादी झाली ती मध्यंतरावरून.

"या पिक्चरला मध्यंतर नाहीये," त्या म्हणाल्या.

"नसेल तर पाडू."

"असं कसं पाडाल? दिग्दर्शकानं ठेवलेलंच नाही."

"बाई, दिग्दर्शक परदेशात आहे. माझा माणूस भडगावहून एसटीनं आलेला असतो. त्याला मधे चहा लागतो."

शेवटी मध्यंतर माझं आणि पिक्चरनंतरची चर्चा त्यांची, असं ठरलं. एका मोठ्या कागदावर महिना आखला. सकाळी शाळेच्या मुलांचे पिक्चर, दुपारी बायकांसाठी शो, शनिवारी बाईंचे परदेशी आणि रविवारी आपल्या खान्देशी बोलीतले. सोमवारी सुटी. त्या दिवशी झाडलोट आणि मशीनची देखभाल.

कागद अजून भिंतीवर चिकटवायचा होता, तेवढ्यात गुरुजी आले. माझ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, सोबत गावातले दोघं. गाव एरंडोलच्या पुढे. मी तिथे जात नाही, हे त्यांना माहीत होतं.

"तुमच्याच गावचा पिक्चर शे, भाऊ, आम्हीच काढलेला," गुरुजी म्हणाले. "बठ्ठं गाव, अगदी सगळंच्या सगळं, आहे त्यात. मोबाईलवर नाही दाखवायचा आम्हाला. एकदा तरी मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी एकत्र बसून बघावा, एवढीच इच्छा आहे."

गावाचं नाव निघालं की माझा आवाज बदलतो. मी म्हटलं, "दुसरा रविवार. दुपारचा शो."

गुरुजींनी सोबतच्यांकडे पाहिलं. "शनिवार नाही का जमणार?"

"शनिवार बाईंचा."

"मग तिसरा रविवार?"

"त्याला दुसरा पिक्चर आहे. मी तुम्हाला रविवार देतोय आणि तुम्ही मलाच दिवस निवडून दाखवताय? घ्यायचा तर घ्या, नाहीतर रस्ता मोकळा आहे."

दोघांपैकी एकानं तोंड उघडलं, तसा गुरुजींनी त्याचा गुडघा दाबला. मी ते पाहिलं. आयुष्यभर सौदे केलेल्या माणसाला गुडघा दाबलेला दिसतोच. मला वाटलं, गप्प बसून काहीतरी जास्तीचं पदरात पाडून घ्यायचा बेत दिसतोय. मी आणखी ताठ झालो. गुरुजी उठले, म्हणाले, "ठीक आहे, रविवार." हात जोडून तिघं निघून गेले. सौदा जिंकल्याच्या आनंदात मी दुसरा चहा मागवला.

पहिला आठवडा बरा गेला. म्हणजे थिएटर भरलं नाही, पण मी माझ्याच थिएटरात कधी नव्हे तो बसून पिक्चर पाहिले. एरवी मी दारापाशी उभा असतो. आत येणाऱ्याचा चेहरा आणि बाहेर पडणाऱ्याचा चेहरा, यावरून मला पिक्चर कळतो. आत बसल्यावर वेगळंच दिसलं. पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीतल्या बायका दुपारच्या शोला आल्या. भाजी निवडत पिक्चर बघणाऱ्या बायका मी तंबूच्या काळानंतर पहिल्यांदाच पाहिल्या. एक जण गवारीच्या शेंगा घेऊन आली होती. दुःखाचा प्रसंग आला की शेंगा मोडायचा आवाज थांबायचा आणि तो निवळला की परत सुरू व्हायचा. चर्चेत बाईंनी कितीही प्रश्न विचारले असते, तरी पिक्चर कुठे लागला आणि कुठे नाही, हे याहून चांगलं कळलं नसतं.

शनिवारच्या परदेशी पिक्चरला मी ठरल्याप्रमाणे मध्यंतर पाडलं. पडद्यावरची बाई दाराच्या कडीला हात लावते, तिथेच. सावद्याचा एक केळीवाला शेतकरी, माझ्या जुन्या ओळखीचा, चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "दार उघडू द्यायचं होतं ना, भो. आता मला चहा गोड लागेना." बाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

बुधवारी दुपारी आम्ही गावचा पिक्चर तपासायला लावला. आवाज नीट येतो का, चित्र फाटत नाही ना, एवढंच बघायचं होतं. थिएटरात मी एकटा, वर केबिनमध्ये ऑपरेटर. तो माझ्याहून वयानं मोठा आहे आणि मला न घाबरणारा थिएटरातला एकमेव माणूस आहे.

गोष्ट साधी होती. गावातली एक म्हातारी सणाच्या दिवशी कोणाला न सांगता घराला कुलूप लावते आणि एकटीच एसटीत बसून पद्मालयाच्या गणपतीला जाते. इकडे सगळं गाव तिला शोधत सुटतं. विहिरीत बघतात, नदीवर बघतात, सुरतेच्या लेकाला फोन करतात. ती तिकडे तळ्याच्या काठावर शेंगदाणे खात बसलेली असते.

ती म्हातारी पडद्यावर आली आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. माझी वहिनी होती. थोरल्या भावाची बायको. मी शाळेत होतो तेव्हा ती आमच्या घरात आली आणि माझ्या डब्यातली भाकरी मी घर सोडेपर्यंत तिच्या हातची होती. एवढी मोठी मी तिला कधी पाहिली नव्हती. तिच्या कपाळावरचं गोंदण थाळीएवढं दिसत होतं. कंडक्टर विचारतो, "मावशी, सोबत कोण?" ती खिडकीबाहेर बघत म्हणते, "कोनीच नही. मी एकली शे." या एका वाक्यावर मी बराच वेळ अडकलो. पुढचा पिक्चर तपासायचा राहूनच गेला.

ऑपरेटर खाली आला. "भाऊ, या तुमच्या वहिनी ना?"

"हो."

"मग रविवारी त्या कशा येतील?"

"का? काय झालं?"

तो माझ्याकडे, मी चेष्टा करतोय की काय, अशा नजरेनं बघत राहिला. "कानबाई आहे रविवारी. तुमच्या घरीच बसते ना?"

खान्देशाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला देवीचा मुखवटा, दागिने आणि लुगडं घालून चौरंगावर बसवतात. रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी तिला चौरंगावरून उठवून वाजतगाजत नदीवर नेतात. त्या दोन दिवसांत सुरत, नाशिक, मुंबई, जिथे कुठे पोटासाठी गेलेला खान्देशी माणूस असेल, तो गावी येतो. त्या रविवारी जळगावात थिएटर भरवायची गोष्ट वेड्यालाही सुचणार नाही. धुळ्यालाही तेच. मला मात्र सुचली होती आणि मी ती हट्टानं गळ्यात मारली होती.

मी गुरुजींना फोन लावला. "सांगितलं का नाही?" मी ओरडलो.

"भाऊ, रागावू नका. पिक्चरमधली निम्मी माणसं सुरतेची. कानबाईला आली तेव्हाच शूटिंग केलं होतं. आताही ती तेवढीच दोन दिवस येणार. पण तुम्ही ऐकूनच घेईनात."

"मग उठून सांगायचं ना, की त्या दिवशी कानबाई आहे!"

मग गुरुजी म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम दिला तो रविवार. नानांच्या, तुमच्या थोरल्या भावाच्या घरून कोणी येऊ नये म्हणून."

मी फोन ठेवला. माझ्याबद्दल लोक पुष्कळ बोलतात. चिकट म्हणतात, तापट म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही. त्यानं धंद्यात उलट मदतच होते. पण वहिनीचा पिक्चर वहिनीनं बघू नये म्हणून मी डाव खेळेन, असं गावातल्या तीन शहाण्या माणसांना वाटावं, आणि विचारायचीही गरज त्यांना वाटू नये, हे मला आतपर्यंत लागलं. जास्त लागलं ते यासाठी, की त्यांची फार चूक नव्हती. मी डाव खेळलो नव्हतो. पण बारा वर्षं कॅलेंडरमधल्या त्या रविवाराकडे मी बघतच नव्हतो. आपल्याला जिथे बोलावणं नाही, तो दिवस आपल्यासाठी नाहीच, असं ठरवून टाकलं होतं.

बारा वर्षांपूर्वी थिएटर नवीन होतं. कानबाईच्या रविवारी माझा शो चालू होता, तो सोडून मला निघता आलं नाही. मी सोमवारी सकाळी गावी पोहोचलो. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढतात. आमच्या घरात तो नाना, म्हणजे थोरला भाऊ काढतो. त्या वर्षी त्यानं माझ्या नावाची मूठ काढली नव्हती. मी विचारलं, तर सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला, "तुझा शो चालू होता ना? मग शोचाच प्रसाद खा." ज्यांनी हसायला नको होतं, तेही हसले. मी तिथूनच मागे फिरलो. शेताची वाटणी त्यानं कशी केली, याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पण मूठभर गव्हात मी नव्हतो, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. आजही गेलेली नाही.

आता पर्याय एकच होता. सोमवार. कानबाई लवकर उठली, नदीवरचं आटोपलं, तर दुपारी सगळं गाव जळगावला येऊ शकत होतं आणि संध्याकाळच्या गाडीनं सुरतेची मंडळी परत जाऊ शकत होती. पण कानबाई किती वाजता उठवायची, हे ज्याच्या घरी ती बसते तो ठरवतो.

गुरुवारी सकाळी मी गावी गेलो. नाना ओट्यावर चौरंग धूत बसला होता. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली.

"काय काम काढलं?"

"सोमवारी कानबाई किती वाजता उठते?"

"उठते तेव्हा उठते. तुला काय करायचंय?"

"दहाला उठवा."

"दहाला? गेल्या साली नदीवर पोचता पोचता दोन वाजले."

"म्हणून तर सांगायला आलो."

त्यानं हातातलं फडकं पिळलं. "देवीसंगे भाव करी राहिना का तू?"

"देवीशी नाही. तुमच्याशी."

दारामागे वहिनी खुदकन हसली. नानानं तिकडे बघितलं, तसं हसू थांबलं, पण दारामागून ती हलली नाही.

"बारा," नाना म्हणाला.

"बाराला उठवली तर पिक्चर कुणी बघायचा? साडेदहा."

"बँडच अकराला येणार."

"बँडवाल्याशी मी बोलतो."

"तू नको बोलू. तू बोललास की माणसं यायची बंद होतात." जरा थांबून तो म्हणाला, "अकरा. पण नाचणाऱ्यांना मी हाकलणार नाही."

"अकरा," मी म्हटलं.

"आणि रविवारी तुझा शो?"

"रविवारी थिएटर बंद."

"पहिल्यांदाच," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. मी उठणारच होतो, तेवढ्यात वहिनी बाहेर आली आणि तिनं काठोकाठ भरलेला, बशी नसलेला चहाचा कप माझ्या हातात दिला. हातात तसला कप असला की माणसाला रागानं उठता येत नाही. मी तो संपवला. तोपर्यंत बोलायचं ते जिभेवरून निघून गेलं होतं. रविवारी ये, असं नाना म्हणाला नाही. मीही येतो म्हटलं नाही.

बाईंना फोन करून दिवस बदलल्याचं सांगितलं. आधी त्या चिडल्या. मग कानबाईचं सगळं ऐकून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं धुळ्यात शिकवतेय. श्रावणातल्या एका सोमवारी माझा वर्ग रिकामा का असतो, हे आज कळलं."

"तुम्ही पुण्याच्या. तुम्हाला माफ आहे," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?"

मी विषय बदलला.

सोमवारी शो दोनचा ठेवला होता. दोनला कोणी नव्हतं. अडीचला गुरुजींचा फोन आला, नाचणारे नदीवरून हलत नाहीत. तीनला मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. नाचणाऱ्यांना हाकलणार नाही, ही अट मी मान्य केली होती. सौद्यातली ती फट मला तेव्हा दिसायला हवी होती. साडेतीनच्या सुमारास पहिली पिकअप वळणावर दिसली, तिच्यामागे दुसरी, मग टेम्पो. माणसं तशीच आली होती. कपाळावर गुलाल, केसांत गुलाल, बायकांच्या साड्यांचे काठ नदीच्या पाण्यानं ओले. सुरतेची पोरं अजून आतल्या आत नाचतच होती. खुर्च्यांच्या आकड्यांप्रमाणे कोणी बसलं नाही. घराघराप्रमाणे रांगा धरल्या. नाना शेवटच्या टेम्पोतून उतरला, माझ्याजवळून गेला आणि आत जाऊन मधल्या रांगेत बसला.

तसा गोंधळ माझ्या थिएटरात कधी झाला नव्हता. जो पडद्यावर येईल त्याला शिट्ट्या. एसटीचा प्रसंग आला तशी मागून कोणीतरी ओरडलं, "काकू, खिडकी लाव, वारा लागी!" दुसरा म्हणाला, "कंडक्टर, उधार लिखी ले!" विहिरीपाशी माणसं तिला शोधायला वाकतात, तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनीच तर तो पिक्चर केला होता. तरी ते गप्प झाले. मी दारापाशी उभा होतो आणि ऑपरेटरनं वरून हात करून विचारलं, मध्यंतर? मी नको म्हटलं. सगळं गाव एका बाईला शोधत असताना चहा विकायला माझं मन झालं नाही.

पिक्चर संपला. टाळ्या वाजल्या, गुरुजींना पोरांनी उचललं. बाईंनी माईक घेतला आणि वहिनीला विचारलं, "तुम्हाला स्वतःला पडद्यावर बघून कसं वाटलं?"

वहिनी उभी राहिली, पदर सावरला. "मी देखंच नही."

"म्हणजे?"

"मी लोकेसना तोंडं देखत बसनी. कोन हासस, कोन रडस. मन्हा पिक्चर देखाना राही गया." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, परत लाव."

लोक हसले. बाहेर पिकअपवाला हॉर्न वाजवायला लागला होता. नाना उठला. "चाल, सुरतवालासनी गाडी शे."

"त्यासले जाऊ द्या. तुम्हीबी जा. मी बठ्ठा देखसू, मंग येसू."

"एकली?"

वहिनी खाली बसली. आयुष्यभर मी माणसं बसताना पाहिलीत, सौद्यासाठी बसणारी, रुसून बसणारी. हे बसणं त्यातलं नव्हतं. इथे घासाघीस करायला जागाच नव्हती, हे मला कळलं आणि माझ्या आधी ते नानाला कळलं. पिकअपवाल्याला जायला सांगा, असं तो कोणाला तरी म्हणाला. मंडळी गुलाल सांडत बाहेर पडली. आत आठ-दहा माणसं उरली. बाई उरल्या, गुरुजी उरले.

मी ऑपरेटरला परत लावायला सांगितलं. दिवे गेल्यावर दारापाशी न थांबता आत आलो आणि त्या दोघांच्या मागच्या रांगेत बसलो. नानाला माझी चाहूल लागली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, पण उठूनही गेला नाही. त्या मुठीबद्दल तो काही बोलला नाही. बोलणारही नाही. मीही विचारणार नाही.

पडद्यावर वहिनीनं घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि ती एसटीत चढली. वहिनी या वेळी सगळं बघत होती, पापणी न हलवता. तळ्याच्या काठावर तिनं शेंगदाणे सोलायला घेतले, तेव्हा नाना तिच्याकडे थोडा वाकला.

"इतली लांब एकलीच गई व्हती तू?"

"पिक्चर शे तो."

"तरीबी," नाना म्हणाला.